कावीळ भावाला, विषाणू आईलाही: मग प्रतिकारशक्ती कोणाची चांगली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. धाकट्या भावाला (वय २६) कावीळ झाली, तपासणीत हिपॅटायटिस बी निघाला, एसजीपीटी (यकृताला किती इजा होतेय ते दाखवणारी रक्ततपासणी) १,८४०, बिलिरुबिन (डोळे पिवळे करणारं द्रव्य) ९. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायला सांगितलं, तर आईही (वय ५४) पॉझिटिव्ह निघाली. पण तिचं एसजीपीटी २८, आयुष्यात कधी कावीळ नाही, शेतातली कामं आजही करते. तुम्ही निगेटिव्ह. यावरून घरात ठरलं की आईची प्रतिकारशक्ती दणकट म्हणून तिला काही झालं नाही, भावाची कमी म्हणून तो आडवा झाला. आता त्याला प्रतिकारशक्ती वाढवणारा काढा सुरू करायचा बेत आहे. सुरू करण्याआधी विचारलंत, हे बरं केलंत. शिवाय विषाणू शिरलेली पेशी शरीराला बाहेरून कळते कशी, हेही विचारलंय.

घरच्यांचा निष्कर्ष बरोबर उलटा आहे. भावाचे डोळे पिवळे झाले ते त्याच्या प्रतिकारपेशी जोरात कामाला लागल्या म्हणून. आणि आईचं यकृत शांत आहे म्हणजे तिनं विषाणूला हरवलं असं नव्हे. हरवलं असतं तर ती पॉझिटिव्ह आलीच नसती. हे ऐकायला विचित्र वाटतं, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी विषाणू यकृतात काय करतो ते पाहू, कारण सगळी गोम तिथेच आहे. यकृताच्या पेशीवर पित्तक्षार आत ओढून घेणारं एक प्रथिन असतं, त्याचं नाव एनटीसीपी. हिपॅटायटिस बी नेमकं त्यालाच धरून आत शिरतो. ही वाट २०१२ मध्ये बीजिंगमधल्या वेनहुई ली यांच्या गटानं शोधून काढली. आत गेल्यावर विषाणूची जेमतेम ३,२०० अक्षरांची जनुकीय साखळी पेशीच्या केंद्रकात जाते आणि तिथं बंद वर्तुळ करून ठाण मांडते. या वर्तुळाला आम्ही सीसीसीडीएनए म्हणतो. त्यावरून नव्या प्रती निघत राहतात आणि पेशीच्या रोजच्या स्रावांबरोबर बाहेर पडतात. पेशी मात्र जिवंत राहते. पोलिओचा विषाणू बाहेर पडताना पेशी फोडतो. हा फोडत नाही. पुरावा हवा असेल तर जन्मावेळी आईकडून लागण झालेल्या मुलांचे रिपोर्ट बघा. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये कोट्यवधी विषाणू, एसजीपीटी नॉर्मल, क्रिकेट खेळतोय. विषाणूच यकृत खात असता तर असा मुलगा दिसलाच नसता.

एसजीपीटी हे यकृताच्या पेशीच्या आत राहणारं एन्झाइम आहे. पेशी मेली किंवा तिचं आवरण फाटलं की ते रक्तात येतं. म्हणजे भावाच्या रिपोर्टमधला १,८४० हा आकडा विषाणू किती आहे ते सांगत नाही, यकृताच्या पेशी किती मरताहेत ते सांगतो. आणि त्यांना मारताहेत त्याच्या स्वतःच्याच पांढऱ्या पेशी.

आता तुमचा दुसरा प्रश्न: कोणत्या पेशीत विषाणू शिरलाय आणि कोणत्या नाही, हे बाहेरून त्यांना कळतं कसं?

प्रतिपिंडं (अँटिबॉडी) इथं फारशी उपयोगाची नाहीत. ती रक्तात तरंगणाऱ्या विषाणूला धरतात आणि पेशीत शिरू देत नाहीत. लस घेतलेला माणूस वाचतो तो त्यांच्यामुळेच. पण विषाणू एकदा पेशीत गेला की त्यांचा हात तिथवर पोचत नाही. म्हणून शरीरानं दुसरी व्यवस्था केली आहे. दाणेबाजारात आडत्या जसा आतल्या पोत्यांतली मूठमूठ वानगी दारात मांडून ठेवतो आणि गिऱ्हाईक गोदामात न शिरताच माल जोखतं, तशी केंद्रक असलेली शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आत बनणाऱ्या प्रथिनांची वानगी आपल्या पृष्ठभागावर मांडत असते. आजारी असो वा निरोगी, हे काम अखंड चालू असतं.

प्रत्यक्षात होतं ते असं. पेशीत बनलेली प्रथिनं, विशेषतः सदोष घडलेली, प्रोटिआसोम नावाच्या नळकांड्यात चिरली जातात. त्यातले साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचे तुकडे टॅप नावाच्या प्रथिनातून पेशीच्या आतल्या जाळीत नेले जातात. तिथं ते एचएलए या प्रथिनाच्या खाचेत बसतात आणि ही जोडी पृष्ठभागावर येऊन उभी राहते. निरोगी पेशीवर सगळे तुकडे घरचेच असतात. विषाणू शिरला की त्याची प्रथिनंही त्याच चरकातून जातात आणि मग परके तुकडे बाहेर दिसू लागतात. हिपॅटायटिस बीच्या बाबतीत यातला एक तुकडा फार नावाजलेला आहे. विषाणूच्या गाभ्याच्या प्रथिनातली १८ ते २७ क्रमांकांची दहा अमिनो आम्लं, एचएलए-ए२ च्या खाचेत चपखल बसणारी. इटलीतल्या पार्मा इथल्या गटानं तीव्र, म्हणजे नव्यानं, हिपॅटायटिस झालेल्या रुग्णांमध्ये नेमक्या या तुकड्यावर तुटून पडणाऱ्या टी-पेशी १९९१ मध्ये दाखवल्या. विषाणूशास्त्राच्या प्रयोगशाळांत आजही हा तुकडा नमुन्यादाखल वापरला जातो.

वानगी तपासणाऱ्या पेशी म्हणजे किलर टी-पेशी. त्यांच्यावर सीडी८ ही खूण असते म्हणून रिपोर्टमध्ये किंवा लेखांत त्यांना सीडी८ पेशीही म्हणतात. त्यांची एक अट आहे: परका तुकडा स्वतःच्याच शरीराच्या एचएलएमध्ये बसलेला दिसला पाहिजे. सुटा तुकडा त्यांना दिसत नाही आणि दुसऱ्याच्या एचएलएमधला बहुतेक वेळा ओळखू येत नाही. ही अट १९७३-७४ मध्ये ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथं रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी उंदरांवर शोधली आणि १९९६ चं नोबेल मिळवलं. डोहर्टी मूळचे जनावरांचे डॉक्टर, हे मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो. त्यांनी वापरलेला एलसीएम विषाणूही पेशी मारत नाही. उंदीर मेंदूच्या आवरणाला सूज येऊन मरायचे आणि ती सूज टी-पेशींची करणी असायची. म्हणजे तुमच्या भावाच्या यकृतात जे चाललंय त्याचाच हा भाऊबंद.

एचएलएची प्रत्येकाची जोडणी वेगळी. सख्ख्या भावंडांतही ती तंतोतंत जुळण्याची शक्यता चारात एक. त्यामुळे एकाच विषाणूचे कोणते तुकडे दिसणार हे माणसागणिक बदलतं. एका घरात एकाला कावीळ होते आणि दुसऱ्याला होत नाही याचं एक कारण हेही आहे, मात्र तुमच्या घरातलं मुख्य कारण वेगळं आहे, त्याकडे येतोच.

या किलर पेशी तयार असतात कुठे? एका विशिष्ट परक्या तुकड्याला ओळखणाऱ्या टी-पेशी शरीरात फारच थोड्या, लाखात एक किंवा त्याहून विरळ. त्यांना आधी उठवावं लागतं. ते काम डेंड्रायटिक पेशींचं: विषाणूचे अवशेष उचलायचे, लसीका ग्रंथींत जायचं आणि तिथून जाणाऱ्या टी-पेशींना तुकडे दाखवायचे. जुळणारी टी-पेशी सापडली की ती दुभंगत जाते आणि काही दिवसांत एकीच्या हजारो होतात. फ्लूमध्ये हे सगळं आठवड्याभरात उरकतं, कारण फ्लूचा विषाणू शिरला की पेशी काही तासांतच बोंब ठोकते. पेशीच्या आतले रिग-आय सारखे संवेदक विषाणूचा आरएनए पकडतात आणि पेशी इंटरफेरॉन सोडते. शेजारच्या पेशी ते ओळखून आपले दरवाजे बंद करू लागतात. १९५७ मध्ये लंडनला ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडनमन यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पातळ पडद्यावर हे द्रव्य शोधलं. फ्लूमधला ताप, कणकण, अंग मोडून येणं यात इंटरफेरॉनचा मोठा वाटा असतो. ज्या रुग्णांनी हिपॅटायटिस सी साठी इंटरफेरॉनची इंजेक्शनं घेतली त्यांना विचारा: त्या रात्री हुडहुडी भरून यायची, आम्ही आधीच पॅरासिटामॉल द्यायचो.

हिपॅटायटिस बी मात्र चोरपावलांनी येतो. त्याचा डीएनए केंद्रकात लपलेला, नव्या प्रती कवचात बंद; त्यामुळे ती पहिली बोंब जवळजवळ होतच नाही. लागण झाल्यावर सहसा दोन-तीन महिने, कधी सहा महिन्यांपर्यंत, माणसाला पत्ताच नसतो. विषाणू यकृतभर पसरतो आणि मग कधीतरी टी-पेशींना जाग येते. भावाला कावीळ दिसण्याआधी आठ-दहा दिवस सांधे दुखत होते, अंगावर पित्त उठलं होतं असं तुम्ही लिहिलंय. तो योगायोग नव्हे. नुकतीच तयार झालेली प्रतिपिंडं विषाणूच्या पृष्ठभागाच्या प्रथिनाला चिकटून त्यांचे पुंजके रक्तात फिरतात आणि सांध्यांत, त्वचेत अडकतात. काही रुग्णांत कावीळीच्या आधी हा असा निरोप येतो, आणि बहुतेक वेळा त्यावर दुखण्याची गोळी देऊन विषय मिटवला जातो.

टी-पेशी यकृतात पोचतात तेव्हा काय होतं, हे दृश्य मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटतं. इतर अवयवांत पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीची भिंत पार करून बाहेर यावं लागतं. यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्यांना, सायनुसॉइडना, सलग भिंत नसतेच. अस्तराला चाळणीसारखी भोकं असतात. मिलानमधल्या गटानं २०१५ मध्ये उंदराच्या जिवंत यकृतात हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. रक्ताबरोबर वाहत आलेली टी-पेशी आधी अस्तराला चिकटलेल्या प्लेटलेटच्या पुंजक्यापाशी थबकते, मग सायनुसॉइडमध्ये रांगू लागते आणि त्या भोकांतून बारीक बोटं आत घालून यकृतपेशीची वानगी चाचपत जाते. रक्तवाहिनीतून बाहेर न पडताच. जुळणारा तुकडा सापडला की तिथंच थांबते.

मग दोन पेशींमध्ये घट्ट जोड तयार होतो आणि टी-पेशी आपले कण त्या बाजूला आणून रिते करते. त्यातलं परफोरिन समोरच्या पेशीच्या आवरणाला भोकं पाडतं, ग्रँझाइम आत शिरतात आणि पेशीची स्वतःचीच आत्मनाशाची यंत्रणा चालू करतात. जोड जुळल्यापासून हा घाव घालायला काही मिनिटं पुरतात. टी-पेशी मग सुटून पुढच्या पेशीकडे जाते. पेशी फुटून घाण पसरण्याऐवजी आक्रसते, तिचा डीएनए चिरला जातो आणि यकृतातल्या सफाई करणाऱ्या कुप्फर पेशी तिचे तुकडे गिळून टाकतात. अशा रुग्णाची यकृताची बायोप्सी सहसा करत नाही, पण केलीच तर काचपट्टीवर गुलाबी, गोलसर, आक्रसलेले ठिपके दिसतात, काहींत केंद्रकाचा काळसर कण उरलेला. शेजारी दोन-चार लिम्फोसाइट, म्हणजे टी-पेशींच्या जातीच्या पांढऱ्या पेशी. आम्ही त्यांना काउन्सिलमन बॉडी म्हणतो. एकेक ठिपका म्हणजे टी-पेशीनं टिपलेली एकेक यकृतपेशी.

इथं एक शंका यायला हवी. लागण शिगेला असते तेव्हा यकृताच्या बहुतेक सगळ्याच पेशींत विषाणू असू शकतो. किलर पेशींनी त्या सगळ्या मारल्या तर माणूस उरेल कसा? तरीही प्रौढांत तीव्र हिपॅटायटिस बी मध्ये यकृत पूर्ण निकामी होण्याचं प्रमाण शंभरात एकाहून कमी आहे.

याचं उत्तर १९९९ मध्ये अमेरिकेत स्क्रिप्स संस्थेतल्या लुका गिडोटी, फ्रान्सिस चिसारी आणि सहकाऱ्यांनी चिंपांझींवर काम करून दिलं. यकृतातला विषाणूचा बराच मोठा भाग एसजीपीटी शिखरावर जाण्याच्या आधीच नाहीसा झालेला होता. म्हणजे पेशी न मारताच साफसफाई. टी-पेशी इंटरफेरॉन-गामा आणि टीएनएफ ही द्रव्यं सोडतात. ती आसपासच्या, प्रत्यक्ष हात न लावलेल्या पेशींपर्यंतही पोचतात आणि तिथं विषाणूच्या प्रती बनणं बंद पाडतात. शिवाय इंटरफेरॉन-गामामुळे यकृतपेशी एचएलए जास्त मांडू लागते. एरवी ती या बाबतीत जरा कंजूषच असते. पुढे त्याच गटानं चिंपांझींतल्या सीडी८ पेशी औषधानं काही काळ काढून टाकल्या, तेव्हा विषाणू हटणं लांबलं आणि त्या पेशी परत आल्यावरच हटला. तेव्हा या पेशींना नुसतं मारेकरी म्हणणं अन्यायाचं आहे. मारणं हा त्यांच्या कामाचा एक भाग, आणि मोठ्या अवयवात तो जितका कमी लागेल तितकं बरं.

नॅचरल किलर पेशींबद्दलही तुम्ही विचारलंय. यकृतात त्या भरपूर असतात, रक्तापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात. त्यांचं तर्कशास्त्र टी-पेशींच्या उलट. त्या वानगीतला तुकडा कोणता हे बघत नाहीत. वानगी मांडली आहे का, एवढंच बघतात. कारण काही विषाणू लबाड असतात. नागिणीच्या घराण्यातला हर्पीस सिम्प्लेक्स टॅपचं तोंडच बुजवतो, सायटोमेगॅलो विषाणू एचएलए पृष्ठभागावर जाण्याआधीच नष्ट करतो. टी-पेशींना मग काहीच दिसत नाही. पण एचएलए गायब झालेली पेशी नॅचरल किलरच्या नजरेत भरते. स्टॉकहोममधल्या क्लास कारे यांनी १९८६ मध्ये उंदरांवर हे दाखवलं. यावर सायटोमेगॅलोनं पुन्हा उतारा काढलाय: तो एचएलएसारखं दिसणारं बनावट प्रथिन मांडतो! हिपॅटायटिस बी मध्ये मात्र नॅचरल किलरचं काम दुय्यम आणि थोडं दुधारी आहे, तेव्हा इथंच थांबतो.

आता आई. तुमच्या आईला लागण कधी झाली हे सांगता येणार नाही, पण आपल्याकडे तिच्या वयाच्या बायकांत ती बहुधा जन्मावेळी किंवा अगदी लहानपणी झालेली असते. वयाचा इथं फार मोठा हात आहे. प्रौढपणी लागण झालेल्या शंभरांपैकी पंच्याण्णवाहून जास्त जण विषाणू हटवतात. जन्मावेळी लागण झालेल्या बाळांपैकी नव्वद टक्क्यांच्या शरीरात तो कायम राहतो. विषाणू तोच, वागणूक अशी टोकाची. बाळाच्या टी-पेशी या विषाणूवर जोरदार उठत नाहीत. पुढे वर्षानुवर्षं तोच परका तुकडा रात्रंदिवस समोर राहिल्यानं त्या थकतात. हा थकवा बोलण्यापुरता नाही, मोजता येतो. अशा टी-पेशींवर पीडी-१ नावाचा ब्रेक चढलेला असतो, त्या कमी दुभंगतात, इंटरफेरॉन-गामा कमी सोडतात. हाच ब्रेक सोडवून कॅन्सरवर इलाज करता येतो, आणि पीडी-१ शोधणाऱ्या तासुकु होंजो यांना २०१८ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. हिपॅटायटिस बी साठी हा मार्ग अजून प्रयोगाच्या टप्प्यावर आहे. सगळ्या यकृतभर विषाणू असताना ब्रेक एकदम सोडला तर काय होईल, याची कल्पना वरचं वाचल्यावर तुम्हीच करू शकता.

पण ५४ व्या वर्षी एसजीपीटी २८ असण्याचे अर्थ दोन-तीन निघतात. एक, तिच्या पेशींनी मधल्या काळात विषाणूला बरंच दाबून ठेवलंय, प्रती कमी आहेत, एक प्रकारचा तह झालाय. या वयात हे जास्त संभवतं. दुसरा, विषाणू भरपूर आहे आणि पेशी स्वस्थ आहेत. हे सहसा तरुणांत दिसतं. तिसरा, धुसफूस अधूनमधून चालते आणि तुम्ही नेमकं शांत दिवशी रक्त दिलंत. एका एसजीपीटीवरून यातलं काहीच ठरत नाही. एचबीई अँटिजन (विषाणू जोरात वाढत असल्याची खूण), विषाणूचा डीएनए किती (व्हायरल लोड), सोनोग्राफी आणि फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) एवढं करून घ्या. लोड २,००० च्या खाली आणि यकृत मऊ असेल तर औषधाविना दर सहा महिन्यांनी तपासणी पुरते. नसेल तर टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिर रोज एक गोळी. या गोळ्या नव्या प्रती बनू देत नाहीत, पण केंद्रकातलं ते वर्तुळ काढू शकत नाहीत. म्हणून मनानं बंद करायच्या नसतात. ‘काही त्रास नाही’ म्हणून वीस वर्षं तपासणी न केलेले आणि थेट पोटात पाणी झाल्यावर आलेले लोक आम्ही फार बघतो.

आई पॉझिटिव्ह निघाल्यामुळे भावाच्या बाबतीतही एक गाठ सोडवायला हवी, आणि तुम्ही पाठवलेल्या कागदांत ती सुटलेली नाही. त्याची लागण नवी आहे की जन्मापासूनची? तुमच्या पिढीच्या जन्माच्या वेळी ही लस सरकारी लसीकरणात नव्हती. देशभर ती २०११ च्या सुमारास आली. त्यामुळे असंही शक्य आहे की विषाणू त्याच्या यकृतात सव्वीस वर्षं आहे आणि इतकी वर्षं गप्प असलेल्या टी-पेशी आता अचानक उठल्या आहेत. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं: हजारावर एसजीपीटी, पिवळे डोळे. अँटि-एचबीसी आयजीएम (विषाणूच्या गाभ्याविरुद्धची ताजी प्रतिपिंडं) करून घ्या. ठणठणीत पॉझिटिव्ह असेल तर नवी लागण असण्याकडे कल, जरी जुन्या आजाराच्या उसळीतही तो थोडाफार वाढतो. अखेरचा निकाल सहा महिन्यांनी: एचबीएस अँटिजन (विषाणूच्या पृष्ठभागाचं प्रथिन) तोवर रक्तातून गेला तर तो यातून सुटला, राहिला तर जुनाट धरायचं.

तोपर्यंत काय बघायचं? बिलिरुबिनपेक्षा पीटी-आयएनआर. यकृत रक्त गोठवणारी प्रथिनं बनवतंय की नाही हे त्यातून कळतं. आणि एक सापळा लक्षात ठेवा. एसजीपीटी १,८४० वरून ३०० वर आलं की घरात पेढे वाटतात. बिलिरुबिन आणि आयएनआरही उतरत असतील तर खुशाल वाटा. पण एसजीपीटी उतरतंय आणि आयएनआर चढतोय, तर त्याचा अर्थ मारायला पेशीच उरत नाहीयेत असा असू शकतो. आयएनआर १.५ च्या वर गेला, दिवसा झोप आणि रात्री जाग असं उलटं चक्र झालं, बोलण्यात गोंधळ आला, उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी यकृताची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या. एरवी तीव्र लागणीत बहुतेकांना विषाणूचं औषधही लागत नाही. ते वाढत्या आयएनआरसाठी राखून ठेवतात. घरचं साधं जेवण, तेल-तूप बेताचं पण बंद नको, दारू पूर्ण बंद. नुसता उसाचा रस आणि मुळा यांवर माणसाला ठेवू नका, भुकेनं अशक्तपणा वाढतो.

काढ्याचं. ज्याच्या यकृतात प्रतिकारपेशींनी आधीच आग लावली आहे त्याची प्रतिकारशक्ती ‘वाढवून’ नेमकं काय साधायचं आहे? सुदैवानं बहुतेक काढे तिला हातही लावत नाहीत. पण काही लावतात. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. पेशी स्वतःच्याच यकृतावर उलटल्याचं चित्र त्यांत होतं. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, पुढे देशातल्या अनेक केंद्रांतून तशाच आणखी रुग्णांची नोंद आली. वाद कुणी कसाही सोडवो, सुजलेल्या यकृतावर कोणतीच वनस्पती आजमावू नये हे माझं स्पष्ट मत आहे. डोक्यावरून खाली उतरत जाणारी कावीळीची माळ आणि चुन्याच्या पाण्यानं हात धुऊन ‘उतरवलेली’ कावीळ यांना मात्र मी फार विरोध करत नाही, पोटात काही जात नाही तोवर. शंभरातले पंच्याण्णव बरे होणारच असतात. सीडी८ पेशींचं श्रेय माळेला जातं, एवढंच.

स्टेरॉइडचा धोका उलट्या बाजूनं आहे. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्यानं टी-पेशी दबतात, एसजीपीटी उतरतं, माणूस खूश होतो आणि विषाणू मोकाट वाढतो. पुडी बंद केली की पेशी परत उठतात आणि या वेळी समोर पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त लागण झालेल्या पेशी असतात. केमोथेरपीत हेच जास्त भयानक स्वरूपात होतं, विशेषतः रिटुक्सिमॅब (प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशी कमी करणारं औषध) दिल्यावर. यात एचबीएस अँटिजन निगेटिव्ह झालेला, म्हणजे कागदोपत्री बरा झालेला माणूसही सापडतो, कारण बऱ्या झालेल्यांच्याही यकृतात ती वर्तुळं थोडी उरतात आणि त्यांच्यावर टी-पेशींचा आयुष्यभर पहारा असतो. पहारा उठवला की ती जागी होतात. तेव्हा भाऊ उद्या पूर्ण बरा झाला तरी पुढे कधी कॅन्सरचं, संधिवाताचं किंवा अवयव प्रत्यारोपणाचं औषध सुरू होणार असेल, तर ‘मला हिपॅटायटिस बी होऊन गेलाय’ हे त्यानं आधी सांगायचं. अशा वेळी आम्ही टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिर आधीच सुरू करतो आणि मुख्य उपचार संपल्यावरही वर्ष-दीड वर्ष चालू ठेवतो.

राहिले तुम्ही आणि भावजय. तुमचा फक्त एचबीएस अँटिजन निगेटिव्ह आहे. त्यावर थांबू नका. अँटि-एचबीसी टोटल (पूर्वी लागण होऊन गेली का) आणि अँटि-एचबीएस (संरक्षण देणारी प्रतिपिंडं आहेत का) करा. लहानपणी आईकडून लागण होऊन तुम्ही ती हटवलेली असू शकते. दोन्ही निगेटिव्ह आले तर आज, महिन्यानं आणि सहा महिन्यांनी असे लसीचे तीन डोस घ्या. भावजयीची तपासणी याच आठवड्यात करा. ती निगेटिव्ह असेल तर लस, गरोदर असली तरी चालते. पॉझिटिव्ह आणि गरोदर असेल तर अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या आत व्हायरल लोड बघून घ्या. तो दोन लाखांच्या वर असेल तर शेवटचे तीन महिने तिला टेनोफोव्हिर आणि बाळाला जन्मल्यापासून बारा तासांच्या आत लस व इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन). दूध पाजायला हरकत नाही. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८ पासून चालू आहे. त्याच्या उपचार केंद्रांत तपासणी आणि टेनोफोव्हिर मोफत मिळतं, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. एकमेकांच्या ताटात जेवल्यानं, मिठी मारल्यानं हा पसरत नाही. ब्लेड, टूथब्रश आणि नेलकटर मात्र ज्याचं त्याचं वेगळं ठेवा.